पाव शिळा होतो म्हणजे काय होते?

इटलीत 'ब्रुस्केत्ता' नावाचा एक साधा पदार्थ करतात. पावाचे जाड काप निखाऱ्यावर भाजायचे, त्यांवर लसणाची पाकळी घासायची, थोडे तेल सोडायचे आणि मीठ लावलेल्या टोमॅटोच्या फोडी वर ठेवायच्या. जेवणाच्या सुरुवातीला तोंडाला चव यावी म्हणून तो खातात. रोमच्या परिसरातील बोलीत 'ब्रुस्कारे' म्हणजे निखाऱ्यावर भाजणे. त्यावरून हे नाव पडले. टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. तो सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला आणि तिथल्या स्वयंपाकात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. तेव्हा तेल लावलेला भाजका पाव जुना आणि त्यावरचा टोमॅटो नवा.

आम्हाला या पदार्थाचे महत्त्व वाटते ते एका वेगळ्या कारणाने. ताज्या, मऊ पावापेक्षा एक-दोन दिवसांचा पाव त्याला अधिक चांगला. म्हणजे हा शिळ्या पावाचा पदार्थ आहे. 'शिळे' हा शब्द मात्र आपण फार सैलपणे वापरतो. कडक झालेला पाव शिळा आणि बुरशी आलेला पावही शिळाच. या दोन गोष्टी एक आहेत का? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. त्याचे उत्तर स्वयंपाकघरातच सापडते, आणि ते ठाऊक असणे प्रकृतीच्या दृष्टीनेही आवश्यक आहे.

कृती

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात या पदार्थासाठी काहीही लांबून मागवावे लागत नाही. बेकरीतला पाव आहे. हिवाळ्यात टोमॅटो, म्हणजे आपली भेदरे, भरपूर येतात. ऑलिव्हचे तेल नसेल तर शेंगदाण्याचे चालते. पूर्व विदर्भात धानानंतर त्याच बांध्यांत जवस घेतात. घाण्यावरचे ताजे जवसाचे तेल मिळाले तर चव अधिक उग्र, पण छान येते. इटलीत वर 'बेसिल' या वनस्पतीची पाने घालतात. आपण ज्याचे बी सब्जा म्हणून सरबतात घालतो, तीच ही वनस्पती. ती कुंडीत सहज वाढते. नसल्यास सांबार, म्हणजे कोथिंबीर घ्यावी.

चौघांसाठी पावाचे दीड ते दोन सेंटिमीटर जाडीचे आठ काप, ३०० ग्रॅम पिकलेले पण घट्ट टोमॅटो, लसणाची एक मोठी पाकळी, दोन मोठे चमचे तेल आणि अर्धा लहान चमचा मीठ घ्यावे. टोमॅटोच्या बारीक फोडी करून मीठ लावावे व चाळणीत पंधरा मिनिटे ठेवावे. खाली भांडे ठेवायला विसरू नये. कोरड्या तव्यावर किंवा निखाऱ्यावर काप दोन्ही बाजूंनी तांबूस भाजावेत. गरम असतानाच सोललेली पाकळी एका बाजूवर घासावी. फोडींत तेल व पाने मिसळावीत आणि अगदी वाढताना कापांवर ठेवावीत.

आता यातली प्रत्येक पायरी का, ते पाहू.

पाव वाळतो की आणखी काही होते?

पाव शिळा होतो म्हणजे त्यातले पाणी उडून जाते, असे आपल्याला वाटते. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ साली ही समजूत तपासली. पाव हवाबंद ठेवला, त्यातले पाणी बाहेर जाऊ दिले नाही, तरीही तो शिळा झाला. इतकेच नव्हे, तर सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर तो पुन्हा मऊ झाला. पाणी उडून गेले असते, तर नुसत्या तापवण्याने ते परत कुठून आले असते?

याचे उत्तर पिष्टाच्या रेणूंत आहे. मैद्यातील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. कच्च्या कणांत त्या बऱ्याच अंशी शिस्तीत रचलेल्या असतात. पाव भाजला जाताना पाणी व उष्णता मिळून ही शिस्त मोडते, कण फुगतात आणि पाव मऊ होतो. थंड होऊ लागल्यावर साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींजवळ येऊन रांगा धरतात, म्हणजेच पिष्टाचे अंशतः स्फटिकीकरण होते. पाणी पावातच असते, पण त्याची जागा बदलते आणि पाव कडक लागतो. डच शास्त्रज्ञ काट्झ यांनी १९२० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने ही स्फटिकरचना दाखवून दिली. तापवल्यावर रांगा मोडतात, म्हणून पाव तेवढ्यापुरता ताजा होतो. थंड झाला की पुन्हा कडक.

धानाच्या जिल्ह्यात याचे उदाहरण रोज डोळ्यांसमोर असते. रात्रीचा भात सकाळी मोकळा व कडक होतो, तोही याच कारणाने. फोडणीच्या भाताला ताज्या भातापेक्षा असा भात बरा, कारण तो परतताना गचका होत नाही. शिळ्या पावाचे काप टोमॅटोच्या रसाखाली टिकाव धरतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे.

वर्गात हा प्रयोग सोपा आहे. एकाच दिवशी आणलेल्या पावाचे दोन सारखे काप घ्या. एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, दुसरा उघडा ठेवा. रोज दोघांचे वजन करा आणि बोटाने दाबून पाहा. उघड्या कापाचे वजन घटेल, बांधलेल्याचे जवळजवळ तेवढेच राहील. तरीही दोन दिवसांत तोही कडक वाटू लागेल.

तांबूस रंग आणि लसणाचा वास

पाव भाजताना सुरुवातीला रंग बदलत नाही. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथले तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पृष्ठभाग कोरडा झाला की तापमान झपाट्याने चढते आणि सुमारे १४० अंशांपुढे शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील अभिक्रिया वेगाने होऊ लागते. तांबूस रंग आणि खमंग वास तिचाच. फ्रेंच शास्त्रज्ञ मेलार्ड यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पोळीवरचे डाग आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास यांतही तिचाच मोठा वाटा असतो.

भाजलेला कोरडा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि लसणासाठी किसणीचे काम करतो. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यातील ॲलिइन हे संयुग आणि त्यावर काम करणारे विकर पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन हे उग्र संयुग तयार होते. अमेरिकेतील कॅव्हालिटो व बेली यांनी १९४४ साली ते वेगळे केले. एक पाकळी सालीसकट उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून मग ठेचा आणि दुसरी कच्चीच ठेचा. उकळलेलीचा वास सौम्य येईल, कारण पेशी फुटण्याआधीच उष्णतेने विकर निकामी झालेले असते.

टोमॅटो, मीठ आणि तेल

टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. मीठ लावल्यावर फोडीबाहेरचे द्रावण पेशीतील द्रावणापेक्षा तीव्र होते आणि परासरणाने पाणी बाहेर येते. चाळणीखालच्या भांड्यातील रस मोजनळीत ओतून विद्यार्थ्यांनी मोजावा, बिनमिठाच्या फोडींशी तुलना करावी. पुस्तकात बटाट्यावर करतो तोच हा प्रयोग आहे, फक्त इथे शेवटी खायलाही मिळते. हे पाणी आधीच काढले नाही, तर ते पावात उतरून त्याचा लगदा होतो. मात्र रस फेकू नये. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की टोमॅटोला रुची देणारे ग्लुटामेट बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात गरापेक्षा जास्त असते. तो रस सारात किंवा वरणात घालावा.

तेल मिसळल्यावर थोड्या वेळाने त्याला नारिंगी झाक येते. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळेच स्निग्ध पदार्थासोबत ते शरीरातही अधिक शोषले जाते.

शिळे आणि नासके

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शिळेपण ही पिष्टाच्या रेणूंची पुनर्रचना आहे. त्यात कोणताही सजीव भाग घेत नाही. नासणे हे बुरशीचे व जीवाणूंचे काम आहे. दोन्ही एकाच पावात, एकाच वेळी चालू असतात, म्हणून आपली गल्लत होते.

या दोन क्रिया वेगळ्या आहेत याचा पुरावा फ्रिज देतो. पिष्टाचे स्फटिकीकरण गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला सर्वांत वेगाने होते. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलेला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर कडक होतो. पण बुरशीची वाढ तिथे मंदावते. म्हणजे थंडी एका क्रियेला वेग देते आणि दुसरीला आळा घालते. दोन्ही क्रिया एकच असत्या, तर असे झाले नसते.

भाताच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. तांदळात 'बॅसिलस सेरियस' या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबदार राहिला, तर त्यांतून जीवाणू वाढतात व विष तयार करतात. त्यांपैकी उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. गोंदियाकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत दुपारी शिजवून पातेल्यात तसाच ठेवलेला भात रात्री मऊ असेल, वासही येत नसेल, तरी तो धोक्याचा असू शकतो. उलट, लगेच पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवलेला भात सकाळी खडखडीत लागेल, पण फोडणी द्यायला तोच योग्य. मऊपणा ही सुरक्षिततेची खूण नाही आणि कडकपणा ही खराबीची खूण नाही.

पावालाही हाच न्याय लावावा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो पाव टाकून द्यावा. डोळ्यांना दिसतो तेवढा भाग कापून उपयोग नसतो, कारण बुरशीचे तंतू आतवर पसरलेले असतात आणि काही बुरशींची विषे भाजल्यावरही टिकून राहतात. आणखी एक सूचना. लसूण तेलात बुडवून बाहेर साठवू नये. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि अशा जागी 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' हा घातक विष तयार करणारा जीवाणू वाढू शकतो. लसूण आयत्या वेळी घासण्याची इटालियन पद्धत या दृष्टीनेही योग्य आहे.

घरात उरलेले अन्न टाकावे की ठेवावे, हा निर्णय बहुधा सवयीने घेतला जातो. काही घरांत कडक झाला म्हणून चांगला पाव टाकतात आणि मऊ आहे म्हणून दिवसभर बाहेर राहिलेला भात मुलांना वाढतात. हा पदार्थ वर्गात करून झाल्यावर विद्यार्थ्यांना आठवडाभर एक तक्ता भरायला सांगावा. घरी काय उरले, ते कुठे व किती तास ठेवले, ते शिळे झाले की नासले आणि हे कशावरून ठरवले, अशी चार सदरे पुरेत. शेवटच्या सदरात 'वासावरून' किंवा 'हात लावून' हीच उत्तरे जास्त आली, तर पुढच्या तासाला चर्चा कशावर करायची, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.