धारावीचा किल्ला आणि साष्टीतील खानदाने

भाईंदर स्थानकापासून पश्चिमेस मुर्धा, राई, मोर्वा ही गावे व त्यांची मिठागरे मागे टाकीत डोंगरीवरून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याने चौक हे गाव गाठावे. बोंबील वाळत घातलेल्या कोळ्यांच्या वलांडींपासून वर टेकडीवर धारावी किल्ल्याचे जे काही दगडी अवशेष उरले आहेत, ते पाहून हौशी प्रवाशाची बहुधा निराशाच होईल. परंतु खाडीपलीकडे वसईचा तट एकदा नजरेस पडला, म्हणजे ही टेकडी ज्याच्या कब्जात त्याच्या हाती वसईची रसद, हे उमगावयास युद्धशास्त्राचे अध्ययन लागत नाही.

१५३४ च्या तहान्वये गुजरातच्या बहादुरशहाकडून साष्टी-वसईचा हा मुलूख पोर्तुगिजांकडे आला आणि वसईच्या तटाआत ‘फिदाल्गो’ म्हणविणाऱ्या उमरावांची घराणी नांदू लागली. त्यांना गावेच्या गावे बहुधा तीन हयातींच्या कराराने मिळत. ठरीव फाळा भरावा आणि घोडा बाळगून लढाईस हजर व्हावे, एवढी अट. त्यामुळे मुलीचा विवाह ही केवळ घरगुती बाब राहत नसे, कारण तिच्याबरोबर गावही जावयाच्या हाती जाई.

याच मुलखात हिंदूंच्या धर्मविधींवर बंदी होती, आणि पोरक्या मुलांना पाद्र्यांच्या हवाली करण्याचा कायदा होता. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे यांचे वतन धर्मकृत्य केल्याच्या आरोपावरून जप्त झाले व ते पेशव्यांकडे दाद मागण्यास गेले, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी तर १७३७ च्या ठाण्याच्या स्वारीत मराठ्यांना वाट दाखविली. वसईची मोहीम आपण चिमाजी आप्पांच्या पराक्रमाने ओळखतो आणि ते यथार्थही आहे. परंतु घरचा धर्म आणि घरची जमीन एकाच वेळी धोक्यात आलेल्या या वतनदारांवाचून ती इतक्या लवकर उभी राहिली असती, असे मला वाटत नाही.

धारावीची टेकडी या युद्धात हातोहात फिरली आणि १७३९ च्या आरंभी मराठ्यांच्या हाती कायमची आली. पलीकडे वसईत कोंडल्या गेलेल्या उमरावांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना एका व्यवहारावरून येते: चर्चमधील रुप्याची पात्रे व काही पितळी तोफा तारण ठेवून त्यांना मुंबईच्या इंग्रजांकडून पंधरा हजार रुपये कर्ज काढावे लागले! इंग्रजांनी शेजारधर्म पाळला, पण तारण घेऊन.

मे महिन्यात वसई पडली. शिबंदीस सन्मानाने शस्त्रांसह जाऊ द्यावे, कुटुंबांना जंगम चीजवस्त नेता यावी, अशी उदार कलमे तहात होती. तीन हयातींची गावे मात्र जंगम नव्हती. ती सोडून ही कुळे मुंबईकडे व गोव्याकडे पांगली. डोंगरी-उत्तनचे ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी, ज्यांच्या नावे कोणतीच सनद नव्हती, ते येथेच राहिले आणि आजही त्यांच्याच बोलीत मासळीचा भाव ठरतो.