घर मांडून देणारे

अमेरिकेत घर विकायला काढलं की रियल्टरच्या, म्हणजे घरविक्रीच्या एजंटच्या, मागोमाग आणखी एक माणूस दारात येतो, बहुतेकदा बाईच. खोल्यांतून एक फेरी मारते, टेपने भिंती मोजते आणि मग काय काय हलवायचं ते सांगायला लागते. ही होम स्टेजर. ती घर सजवायला आली आहे असं मालकाला वाटत असतं, पण तिचं निम्मं काम घर उपसायचं.

या धंद्याची सुरुवात सहसा सिएटल परिसरातल्या बार्ब श्वार्झ यांच्या नावावर मांडली जाते. आधी इंटिरियर डिझायनर, नंतर घरविक्रीत. १९७२ च्या सुमारास त्यांनी विक्रीआधी घर नाटकाच्या नेपथ्यासारखं मांडायला सुरुवात केली. तुमच्या पसाऱ्यामुळे घर खपत नाही, हे मालकाच्या तोंडावर सांगणं अवघड. नाटकाची भाषा वापरली की तेच सोपं होतं. १९९९ मध्ये त्यांनी स्टेजर मंडळींची संघटनाही उभी केली.

रिकामं घर असेल तर गोदामातून ट्रक येतो. सोफे बुटके आणि उथळ बैठकीचे, कारण खोली मोठी दिसायला हवी. गालिचा मात्र मोठा, निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत इतका. छोट्या गालिच्याने खोली आक्रसते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ इंचांवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या आसपास. दिवे सगळे एकाच छटेचे, २७०० ते ३००० केल्व्हिनच्या दरम्यान. एक पिवळा नि एक पांढरा लागला की फोटोत भिंत आजारी दिसते. आणि पलंग? वरून उशांची चळत, घडी पडलेली शाल, बघून आडवं व्हावंसं वाटावं असा. चादर उचलली तर खाली बऱ्याचदा हवा भरलेली गादी असते, तीही पुठ्ठ्याच्या खोक्यावर. खऱ्या गाद्या जिन्यावरून चढवायच्या नि महिन्या-दोन महिन्यांत उतरवायच्या, हा हमालीचा खर्च कोण सोसणार! म्हणून घर बघायला आलेल्यांनी पलंगावर बसू नये अशी चिठ्ठीही कधी कधी ठेवलेली असते.

राहतं घर हे जास्त नाजूक प्रकरण. सिएटलशेजारच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडे सॉफ्टवेअरवाली मराठी कुटुंबं बरीच आहेत आणि घर विकताना त्यांचीही यातून सुटका नाही. फ्रीजवरचे मॅग्नेट, लग्नाचा फोटो, ओट्यावरचा मिक्सर नि कुकर, दारातला चपलांचा ढीग, सगळं गॅरेजमध्ये. देवघर दिसू नये असंही स्टेजर आडवळणाने सुचवते. मग देव ओळखीच्यांकडे मुक्कामाला जातात. घर बाजारात असेपर्यंत फोडणी बंद. लसणाचा वास पडद्यांत मुरतो आणि मेणबत्त्या लावून तो जात नाही, उलट दोन्ही वास मिसळतात. चांगली स्टेजर तर मेणबत्तीही लावू देत नाही: सुवास आला की बघणारा विचारतो, काय लपवताय?

यात थोडा क्रूरपणा आहे खराच. आपण वीस वर्षं राहिलो त्याच्या खुणा पुसायच्या, आणि तेही पैसे मोजून. पण हिशेब उघड आहे. घर कुणाचंच वाटलं नाही, तरच येणारा त्यात स्वतःला बसवून बघतो. रियल्टरांच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत खरेदीदारांच्या ८१ टक्के एजंटांनी सांगितलं की मांडलेल्या घरात खरेदीदाराला स्वतःचं घर बघणं सोपं जातं. साक्षीदार धंद्यातलेच, तेव्हा आकडा हातचा राखून घ्यावा.

मांडणीने दोष झाकता येत नाहीत, निदान येऊ नयेत. सिएटलच्या वॉशिंग्टन राज्यात छप्पर, नळ, गळती यांबद्दल मालकाला ठाऊक असलेलं 'फॉर्म १७' वर लिहून द्यावं लागतं. संगणकावर रिकाम्या खोलीत सोफे चिकटवणारी आभासी मांडणी आता स्वस्तात होते, पण शनिवारी प्रत्यक्ष बघायला आलेला माणूस मोकळ्या भिंती पाहून चिडतो.

एवढा खटाटोप परवडतो तो विक्रीच्या तऱ्हेमुळे. सिएटलकडे बरेचदा घर बुधवार-गुरुवारी यादीत येतं, शनिवार-रविवारी लोक बघून जातात आणि सगळ्या बोली ठरलेल्या दिवशी एकदम उघडतात. दोन दिवसांत कोण किती भाळलं, त्यावर भाव हलतो.

आपल्याकडे हे कसब बिल्डरने उचललं. सॅम्पल फ्लॅटमधले आखूड पलंग आणि काढून ठेवलेली दारं सगळ्यांनी पाहिली आहेत. अशा नमुन्यावर भुलून नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यावी, असं २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ सांगतं. जुन्या फ्लॅटच्या विक्रीत मात्र पुण्यात अजून बोलणं होतं ते कार्पेट किती आणि रेट काय एवढंच. उशांवर खर्च करून रेट वाढेल यावर मालकाचा विश्वास नाही. एजंट कुलूप काढतो, खिडकी उघडतो, जुना कॅलेंडरचा खिळा दिसला तर म्हणतो, 'रंग मारला की झालं,' आणि सोसायटीची एनओसी मिळेल का ते विचारतो.