फटफटीवरचे गाणे

आता गावोगाव फटफटी झाली आहे. कुणी तिच्यावरून दूध घालायला जातो, कुणी बाजाराला जातो. काहींनी तिला छोटा स्पीकर बसवला आहे. त्यात नखाएवढे मेमरी कार्ड घातले, की भजन म्हणा, पोवाडा म्हणा, हवे ते सुरू होते.

पण कार्ड भरले की अडचण येते. नवे गाणे मावत नाही. मग प्रश्न पडतो. चांगल्या प्रतीची थोडी गाणी ठेवावी, की हलक्या प्रतीची पुष्कळ? ही भानगड काय आहे, ते आज समजून घेऊ.

यंत्र आवाज आकड्यांत लिहून ठेवते. १९८२ साली सीडी नावाची तबकडी बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नोंदी असतात. नोंदी जास्त, म्हणून जागाही जास्त लागते. एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे १० एमबी लागतात. धान्याचे माप जसे किलो, तसे साठवणीचे माप एमबी. हजार एमबी म्हणजे एक जीबी धरा.

पुढे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर तज्ज्ञांबरोबर एक युक्ती काढली. तिला एमपी३ म्हणतात. हे नाव १९९५ साली रूढ झाले.

युक्ती साधी आहे, बरं का. जत्रेत ढोल वाजत असतो. तेव्हा शेजारणीच्या बांगड्या किणकिणल्या तर ऐकू येतात का? नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो. मग जे कानाला कळणारच नाही, ते साठवायचे कशाला? एमपी३ ते पाखडून टाकते. सुपातून फोलपट उडवावे, तसे.

किती पाखडायचे, ते आपण ठरवतो. त्याचे माप केबीपीएस. आकडा लहान, तितके पाखडणे जास्त. पाच मिनिटांचे एक गाणे घेऊ. ८ जीबीच्या कार्डात अशी किती गाणी मावतात, ते पाहा.

सीडीसारखे पूर्ण ठेवले, तर सुमारे १५०.
३२० केबीपीएसला सुमारे ६५०.
१९२ केबीपीएसला सुमारे ११००.
१२८ केबीपीएसला सुमारे १६००.

आता फटफटीकडे या. इंजिनाची फटफट, वाऱ्याचा घोंगाट, रस्त्यावरच्या गाड्या. हाच आपला ढोल! गाण्यातल्या बारीक जागा तो झाकून टाकतो. पूर्ण प्रतीचे गाणे घातले, म्हणून वारा काही गप्प बसत नाही. म्हणून फटफटीपुरते १२८ पुरते. थांबून झाडाखालीही ऐकायचे असेल, तर १९२ ठेवा. त्याहून मोठे ठेवणे म्हणजे जागा फुकट घालवणे.

पण फार पाखडले, तर फोलपटाबरोबर दाणेही उडतात. टाळ, घुंगरू, चिपळ्या यांचे आवाज आधी बिघडतात. पाण्यात बुडाल्यासारखे वाटतात. आणि उडालेला दाणा परत येत नाही. १२८ चे गाणे पुन्हा ३२० चे केले, तर जागा वाढते, आवाज मात्र तोच राहतो. पातळ ताक मोठ्या हंड्यात ओतले, म्हणून ते घट्ट होते काय?

आमच्या शेजारच्या एका मुलाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनमध्ये भरून घेतल्या होत्या. फटफटीवर ऐकता याव्यात, म्हणून त्याने त्या ३२ केबीपीएसच्या केल्या. जागा हवी म्हणून मूळ प्रत पुसली. रस्त्यावर त्याला काहीच फरक कळला नाही. पुढे आजी वारली. वर्षश्राद्धाला घरात सगळे शांत बसले आणि त्याने ओव्या लावल्या. शब्द कळत होते, पण जात्याची घरघर नीट उरली नव्हती. आजीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटत होता. त्याची आई म्हणाली, “अरे, ही आपली म्हातारी नव्हे.” आम्ही तिथेच होतो. त्याला काय सांगणार? आजी पुन्हा गाणार नव्हती.

बियाणे वेगळे ठेवतात आणि दळण वेगळे. गाण्याचेही तसेच करा. मूळ प्रत घरी ठेवा, तीही दोन ठिकाणी. लहान प्रत फटफटीवर न्या. बाजारचे गाणे पुन्हा मिळेल. घरच्या माणसाचा आवाज पुन्हा मिळत नाही.

आणखी एक सांगतो. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवत जाऊ नका. सतत मोठ्या आवाजाने कान कायमचे अधू होतात. दोन्ही कानांत बोंडे घालून तर फटफटी मुळीच चालवू नका. मागच्या ट्रकचा भोंगा ऐकू यायला हवा. गाणे राहिले तर घरी ऐकता येईल. आधी घरी पोचले पाहिजे.