समजून घ्या : तारण पुण्याईने की कृपेने?

पुण्य कितीही साठवले तरी माणूस स्वतःच्या बळावर पापातून सुटत नाही; तारण देव विनामूल्य देतो. ख्रिस्ती श्रद्धेत यालाच ‘कृपा’ म्हणतात. पंडिता रमाबाईंना ती उशिरा उमगली. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही, हे सुमारे आठ वर्षांनी जाणवल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे.

मग सत्कर्म कशासाठी?

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-स्त्रियांना आणून आसरा दिला. आजच्या मुलचेरा तालुक्याचा भागही तेव्हा त्याच प्रांतात होता. या श्रद्धेनुसार आधी कृपा, मग सेवा. झाड जगले की फळ धरतेच.