कोथिंबीर केव्हा घालावी?

गेल्या पावसाळ्यात माझी मुलगी तापातून उठली होती. तोंडाला चव नव्हती, जेवण जात नव्हते. म्हणून घरी कोंबडीचे सूप करायचे ठरले. आमची कृती साधी आहे. कोंबडीचे तुकडे, आले, लसूण, चार मिरी, एक तमालपत्र, हळद, मीठ आणि भरपूर पाणी. सगळे मंद आचेवर तासभर ठेवायचे आणि शेवटी कोथिंबीर घालायची. कोंबडीचे मोठे तुकडे मी सुरीने लहान केले आणि त्याच फळीवर, त्याच सुरीने कोथिंबीर चिरायला घेतली. तेवढ्यात आईने हात धरला.

"अरे, थांब! आलं-लसूण शिजणार आहे. कोथिंबीर कुठं शिजणार आहे?"

आईचे शिक्षण जुन्या सातवीपर्यंतचे. पण तिच्या या एका वाक्यात रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असे दोन्ही विषय होते. कोथिंबीर शेवटी का घालायची, हा पहिला प्रश्न. आणि शेवटी घालायची म्हणून वेगळी काळजी का घ्यायची, हा दुसरा.

वास जातो कुठे?

कोंबडीला वेळ लागतो. हाडांभोवतीच्या आणि त्वचेतील ऊतींमध्ये कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. गरम पाण्यात ते सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले घट्ट सूप सकाळी खरवसासारखे थरथरते, ते या जिलेटिनमुळेच. याला तास-दीड तास द्यावाच लागतो.

कोथिंबिरीचे नेमके उलटे आहे. तिच्या पानांचा वास प्रामुख्याने आल्डिहाइड गटातील संयुगांचा असतो. त्यांतील एक महत्त्वाचे संयुग म्हणजे डेकॅनाल. त्याचा उत्कलनबिंदू २०० अंश सेल्सिअसच्याही वर आहे. मग १०० अंशांना उकळणाऱ्या पाण्यातून ते निघून कसे जाते? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

उत्तराचा पहिला भाग मुलांना ठाऊक असतो. दोरीवरचे ओले कपडे वाळायला पाणी उकळावे लागत नाही. द्रवाची वाफ कोणत्याही तापमानाला थोडीथोडी होतच असते. तापमान वाढले की ती जास्त होते.

दुसरा भाग असा. ही संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पाण्यात न मिसळणारा सुगंधी पदार्थ पाण्याबरोबर तापवला, की दोघांच्या वाफांचा दाब एकत्र मोजावा लागतो. पाण्याची वाफ वर जाताना त्याचीही थोडी वाफ बरोबर नेते. याला बाष्प-ऊर्ध्वपातन म्हणतात. गवती चहाचे तेल याच तत्त्वाने काढतात. कनौजचे अत्तरवालेही फुले पाण्यात उकळून येणारी वाफ थंड करतात. ते वाफ साठवतात आणि आपण ती खिडकीतून सोडून देतो, एवढाच फरक. स्वयंपाकघरात सूपाचा घमघमाट सुटतो तेव्हा तो वास पातेल्यातून बाहेर पडत असतो. शिवाय पानांतील आल्डिहाइडे उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूने बदलतात, ते वेगळेच.

मग मिरी आणि तमालपत्र आधी घातलेले कसे चालते? हे पदार्थ वाळलेले व घट्ट असतात. त्यांतील तेल आतल्या पेशींत बंद असते आणि ते हळूहळू बाहेर येते. जाते तसे आतून नवे येतही राहते. कोथिंबिरीचे पान मात्र पातळ व कोवळे. चिरताना त्याच्या पेशी फुटतात आणि सारा साठा एकदमच मोकळा होतो. देठ थोडे जाड असतात. ते बारीक चिरून पाच-सात मिनिटे आधी घालता येतात.

सूपावर तरंगणाऱ्या चरबीचेही येथे काम आहे. सुगंधी संयुगे पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळतात. तो पातळ थर त्यांना धरून ठेवतो. म्हणून सगळा तवंग काढून टाकला तर सूपाचा वासही थोडा कमी होतो. आजारी माणसाला तेलकट नको असेल तर बराचसा तवंग काढावा, पण चार थेंब राहू द्यावेत.

आईचा दुसरा धडा

आता दुसरा प्रश्न. उष्णता वास घालवते, तशीच रोगजंतूही मारते. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असू शकतात. त्यांच्यामुळे जुलाब, ताप, पोटदुखी होते. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले की ते मरतात. तासभर शिजलेल्या सूपातल्या कोंबडीची चिंता नसते. पण त्याच सुरीने चिरलेली कोथिंबीर शेवटी, वाढलेल्या वाटीत वरून भुरभुरली तर? पातेल्यात मारलेले जंतू वाटीत परत आले. तेही नुकत्याच तापातून उठलेल्या मुलीच्या वाटीत.

म्हणून क्रम असा असावा. कोथिंबीर आधी निवडून, दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढून, चिरून झाकून ठेवावी. मगच कोंबडीला हात लावावा. कोंबडी धुवायचीच असेल तर जोरात नळाखाली धरू नये, कारण शिंतोडे आसपासच्या भांड्यांवर आणि भाजीवर उडतात. नंतर हात, सुरी व फळी साबणाने धुवावी.

वास आणि सुरक्षितता यांत एकाचीच निवड करावी लागते असेही नाही. सूप खळखळत असताना गॅस बंद करावा, लगेच कोथिंबीर घालून ढवळावी आणि दोन मिनिटे झाकण ठेवावे. झाकलेले लिटर-दीड लिटर सूप तेवढ्या वेळात ८० अंशांच्या खाली जात नाही आणि पातळ पान काही सेकंदांतच तितके गरम होते. उकळी थांबल्यामुळे वास नेणारी वाफ कमी होते आणि जी होते ती झाकणाला लागून पुन्हा सूपात पडते. वाटीत वरून घातलेली कोथिंबीर मात्र निम्मी हवेतच तरंगत असते. तिला ही उष्णता मिळत नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी वर्गात कोंबडी आणायची गरज नाही. कोथिंबिरीची एक जुडी, पाणी आणि शेगडी पुरे. शेगडी शिक्षकांनीच हाताळावी.

१. सारख्या पाण्यात सारखी कोथिंबीर घ्या. एका भांड्यात ती २० मिनिटे उकळा, दुसऱ्यात २ मिनिटे. तिसऱ्यात पाणी उकळून, गॅस बंद करून मग घाला. गाळून, तिन्ही पाणी सारखेच कोमट झाल्यावर कपांवर फक्त क्रमांक लिहा. क्रम ठाऊक नसलेल्या मुलांना डोळे मिटून वास घेऊ द्या आणि प्रत्येकाचे मत फळ्यावर लिहा. उकळताना पाणी आटते, ते मोजून पुन्हा भरायला विसरू नका, नाहीतर तुलना योग्य होणार नाही.

२. उकळत्या कोथिंबिरीवर स्टीलचे थंड झाकण चिमट्याने क्षणभर धरा. ते बाजूला घेऊन निवू द्या आणि त्यावरच्या थेंबांचा वास घ्या.

३. कोथिंबीर एकदा साध्या पाण्यात व एकदा लिंबू पिळलेल्या पाण्यात उकळा. लिंबाच्या पाण्यात पाने लवकर मळकट पिवळट होतात. आम्लामुळे हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियम निघून त्याच्या जागी हायड्रोजन येतो. सूपात लिंबू वाढल्यावर का पिळावे, याचे एक कारण मुलांना येथे सापडेल.

शेवटी एक गृहपाठ द्यावा. घरी कोणता पदार्थ फोडणीत पडतो, कोणता शिजताना आणि कोणता अगदी शेवटी, हे मुलांनी विचारून यावे आणि त्याचे कारण स्वतः शोधावे. 'पूर्वीपासून असेच करतात' असे उत्तर घरून आले तरी ते वहीत लिहून घ्यावे. आमच्या घरातही कालपरवापर्यंत तेच उत्तर होते.