ओळीत सहा : अमेरिकी पिकअपचे जुने इंजिन

एका ओळीत उभ्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा टिकाऊपणा त्याच्या मांडणीतूनच सुरू होतो. पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे पिस्टन जोडीने वर-खाली होतात, आणि क्रँकशाफ्टवर या जोड्यांमध्ये १२० अंशांचे अंतर असते. त्यामुळे पिस्टनच्या ये-जा करण्यातून उठणारे धक्के जागच्या जागी फिटतात. तोल सांभाळायला वेगळा शाफ्ट लागत नाही. थरथर कमी, म्हणून झीजही कमी.

अमेरिकेत हे इंजिन स्वस्त गाड्यांत आणि ट्रकांत रुजवले ते शेव्हरोले कंपनीने. १९२९ मध्ये तिने १९४ घनइंचांचे, सुमारे ४६ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे इंजिन चार सिलिंडरांच्या भावात आणले. या इंजिनाचे पिस्टन बिडाचे होते. कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा खालच्या तेलात बुडे आणि तेवढ्यावर रॉडच्या बेअरिंगची भूक भागे. शेतावर, कच्च्या वाटेवर हे पुरले. भरधाव हमरस्त्यावर मात्र अपुरे पडू लागले. अखेर १९५४ पासून शेव्हरोलेच्या पुढच्या, २३५ घनइंची इंजिनांत सगळीकडे दाबाने तेल फिरवण्याची सोय झाली आणि हे इंजिन खऱ्या अर्थाने भरवशाचे ठरले.

ओळीतल्या सहा सिलिंडरांच्या घराण्यातला सर्वांत नावाजलेला नमुना मात्र फोर्डचा. १९६५ च्या एफ-मालिकेच्या ट्रकांत आलेले ३०० घनइंचांचे, म्हणजे ४.९ लिटरचे इंजिन १९९६ पर्यंत बनत राहिले. सिलिंडरचा व्यास ४ इंच, पिस्टनची धाव ३.९८ इंच. क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंगांचा आधार, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना एकेक. कॅमशाफ्ट फिरवायला साखळी किंवा पट्टा नाही, थेट गिअर. त्यामुळे साखळी सैल होणे किंवा पट्टा तुटणे हा प्रश्नच नाही. हलक्या ट्रकांत मात्र कॅमचा गिअर आवाज कमी व्हावा म्हणून फायबरचा असे आणि कालांतराने त्याचे दात झडत. अवजड कामाच्या इंजिनांत तो धातूचा बसवत.

अश्वशक्तीच्या आकड्याने मात्र हे इंजिन दुबळे वाटते. १९८७ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले तेव्हाही ती १५० च्या आसपासच होती. त्याच ट्रकात मिळणारे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन सुमारे १८५ अश्वशक्ती देई. पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पाहिला तर चित्र पालटते. सहा सिलिंडरवाल्याचा सुमारे २६० फूट-पौंड टॉर्क मिनिटाला २००० फेऱ्यांनाच मिळे. व्ही-८ चा त्याहून थोडासाच जास्त, तोही अधिक फेऱ्यांना. ओझे घेऊन चढणीवर गाडी निघते ती याच खालच्या पट्ट्यात. इंजिन कमी फेऱ्यांवर चालले की रिंगा आणि बेअरिंगेही सावकाश झिजतात. युपीएस या पार्सल कंपनीच्या गाड्या, लाकूड बारीक करणारी यंत्रे, विमानतळावरची ओढगाडी अशा तासन्तास चालणाऱ्या कामांना हे इंजिन निवडले गेले, त्यात नवल नाही.

बेअरिंगांची संख्या म्हणजेच टिकाऊपणा, असे समजणे मात्र घाईचे होईल. डॉजच्या पिकअपमधले, ३० अंश कलते बसवलेले २२५ घनइंची इंजिन अवघ्या चार मुख्य बेअरिंगांवर चाले, तरी त्याची ख्याती फोर्डच्या तोडीची आहे. त्याचा भर जाड, भक्कम क्रँकशाफ्टवर होता.

या इंजिनांच्या मर्यादाही त्याच साधेपणातून आल्या. बिडाचा लांबलचक ब्लॉक जड, आणि आखूड बॉनेटखाली तो मावेना. फोर्डच्या हेडमध्ये हवा आत येण्याची आणि धूर बाहेर पडण्याची वाट एकाच बाजूला असल्याने जास्त फेऱ्यांवर इंजिनाचा दम लवकर संपे. प्रदूषणाचे नियम आणि इंधनबचतीचा दबाव वाढत गेला. शेवटी १९९७ च्या एफ-१५० ट्रकमध्ये फोर्डच्या या इंजिनाची जागा ४.२ लिटरच्या व्ही-६ इंजिनाने घेतली.