वाहणारा कान आणि वाटेतली शीर

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानावर शस्त्रक्रिया ठरली की अनेकदा सीटी स्कॅन काढला जातो, तो मुख्यतः हाड किती पोखरले गेले ते पाहण्यासाठी. त्याच चित्रांत शिराही दिसतात, आणि त्यांची जागा अहवालात लिहिलीच पाहिजे, सगळे जागच्या जागी असले तरी. मेंदूतले बरेचसे रक्त कानामागच्या हाडाला आतून खेटून उतरणाऱ्या सिग्मॉइड सायनस या रुंद शिरेतून मानेतल्या ज्युग्युलर शिरेत जाते. दोहोंच्या सांध्यावरचा फुगवटा, म्हणजे ज्युग्युलर बल्ब, मध्यकर्णाच्या तळाखाली असतो. बहुतेकांत उजवीकडचा मोठा. काहींचा बल्ब वर चढून थेट मध्यकर्णात डोकावतो, क्वचित मधला हाडाचा पापुद्राही नसतो. मग कानाच्या पडद्याआड निळसर झाक दिसते. आत पाणी साचले आहे असे समजून तिथे चीर दिली, तर रक्ताची धार लागते.

जुनाट आजारात आणखी एक पेच असतो. अशा कानामागचे हाड बहुधा आक्रसलेले, टणक, हवेच्या पोकळ्या कमी असलेले असते आणि सायनस पुढे आलेला असू शकतो. कोलेस्टेटोमा, म्हणजे हाड खात वाढणारी त्वचेची गाठ, काढण्याची नेहमीची वाट सायनस आणि कर्णनलिकेची मागची भिंत यांच्यामधूनच जाते. बालपणीच्या संसर्गाने पोकळ्यांची वाढ खुंटली, की मुळात कमी पोकळ्यांचा कानच आजाराला बळी पडला, हा वाद जुना आहे. एका स्कॅनवरून तो मिटत नाही. ड्रिल हातात असलेल्याला मात्र त्याचे काय? त्याच्यापुढची वाट अरुंद आहे एवढे खरे.

शिरेतल्या रक्ताला धमनीइतका दाब नसतो, बोळा दाबला की थांबते, असे अनुभवी हात सांगतात. थांबते, हे खरे. पण तोवर दिसेनासे होते, आणि कोलेस्टेटोमाचा कण मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो. शिवाय उघड्या सायनसमधून हवा आत ओढली जाण्याचा धोका, दुर्मीळ असला तरी, जीवघेणा आहे. स्कॅनमधल्या क्ष-किरणांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोरड्या कानातल्या साध्या छिद्रासाठी स्कॅनचा हट्ट नकोच. पण काढून झालेला स्कॅन नीट वाचायला जादा किरण लागत नाहीत. रुग्ण उगाच घाबरेल म्हणावे, तर शिरेची ही ठेवण म्हणजे रोग नव्हे, हे डॉक्टरांना दोन वाक्यांत सांगता येते. सायनस फार पुढे असेल तर कर्णनलिकेची भिंत काढायची की दुर्बिणीने नलिकेतूनच आत शिरायचे, हे आधी ठरते. भिंत काढल्यास कानाची पोकळी पुढे वेळोवेळी साफ करून घ्यावी लागू शकते, याची कल्पना रुग्णाला संमतीपत्रावर सही करण्याआधीच देता येते.